साडेतीन हजारांत मेकॅनिकल कीबोर्ड: दिवसा इनस्क्रिप्ट, रात्री व्हॅलोरंट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोरच्या डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानात तुम्ही दिवसभर मराठी टाइप करता. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बक्षीसपत्रं, सीझनला लग्नपत्रिका. रात्री घरी मित्रांबरोबर व्हॅलोरंट, कधीमधी काउंटर-स्ट्राइक, दोन्ही नेमबाजीचे गेम. कीबोर्ड एकच, तोच पाठीवरच्या बॅगेतून दुकानात आणि दुकानातून घरी. घर एका खोलीचं, दहाला आईवडील झोपतात. हवा आहे मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेला, आणि बजेट साडेतीन हजार. पर्याय तीन काढलेत: टीव्हीएस गोल्ड, म्हणजे टंकलेखकांचा तो पूर्ण आकाराचा, टकटक वाजणारा कीबोर्ड, एखादा साठ टक्केवाला (पूर्ण कीबोर्डाच्या साधारण तेवढ्या आकाराचा) आरजीबी दिव्यांचा छोटा बोर्ड, नाहीतर थोडे पैसे वाढवून पंचाहत्तर टक्केवाला वायरलेस. आणि शेवटी विचारलंत, "रेड घेऊ की ब्लू?" हे कळीखालच्या स्विचचे रंग; कळ किती जड आणि किती वाजणारी ते त्यावरून ओळखतात.

मी नाशिकला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. टायपिंग इन्स्टिट्यूट, वकिलांची ऑफिसं, गेमिंग कॅफे, सगळीकडचे कीबोर्ड माझ्या टेबलावर येतात. रेड की ब्लू हे सगळेच आधी विचारतात, पण माझ्या हिशेबी तो तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. आधी बघायचं, कोणत्या कळा कुठे आहेत आणि केवढ्या आहेत. मग बघायचं, स्विच काढून दुसरे बसवता येतात का. ही दोन उत्तरं नीट लागली तर रंग चुकला तरी हजार-दोन हजारांत सुधारता येतो. कळांची मांडणी चुकली तर मात्र कीबोर्ड विकण्यावाचून इलाज नाही.

तुम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही, आणि बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे: तुम्ही मराठी कशात टाइप करता? युनिकोडमध्ये इनस्क्रिप्टने, की जुन्या फॉन्टांमध्ये रेमिंग्टनने? (कळांवर मराठी अक्षरं मांडायच्या या दोन पद्धती.) डीटीपीच्या दुकानात बहुधा दोन्ही चालतं. सरकारी अर्ज युनिकोडमध्ये आणि पत्रिका जुन्या फॉन्टात. जुन्या फॉन्टांत काही अर्धी अक्षरं आणि चिन्हं साध्या कळांवर नसतातच. ती आल्ट दाबून धरून उजवीकडच्या नंबर पॅडवर शून्य आणि तीन आकडे मारून काढावी लागतात. विंडोजमध्ये हे फक्त नंबर पॅडवरच चालतं, वरच्या रांगेतल्या आकड्यांनी नाही. असे आल्ट कोड तुमच्या बोटांत दिवसातून पाच-पंचवीस वेळा येत असतील, तर नंबर पॅड नसलेला कोणताही बोर्ड तुम्हाला आठवड्याभरात नकोसा होईल. त्यावर एक स्वस्त उपाय आहे: वेगळा यूएसबी नंबर पॅड. पाचशे-सातशे रुपयांत साधा मिळतो, तो दुकानातच ठेवायचा आणि मुख्य कीबोर्ड लहान घ्यायचा. बॅगेतून रोज ने-आण करणाऱ्यासाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. (खरं तर दुकानातला कीबोर्ड मालकाने द्यायला हवा, पण ते असो.)

आता साठ टक्केवाल्याचं बोलू. यात 61 कळा असतात. इनस्क्रिप्टची सगळी अक्षरं त्यात येतात, अगदी आकड्यांच्या रांगेत शिफ्टने निघणारी ज्ञ, त्र, क्ष, श्र ही जोडाक्षरंसुद्धा. त्यामुळे मराठी टाइप होणार नाही अशी भीती नको. अडचण टाइप करण्याची नाही, दुरुस्त करण्याची आहे. बाणाच्या कळा, होम, एंड, डिलीट आणि वरची एफ-रांग, सगळं एफएन ही कळ सोबत दाबून. प्रतिज्ञापत्रात नाव बदला, तारीख बदला, वय बदला, हेच दिवसभर चालतं. तिथे प्रत्येक बाणासाठी दुसरं बोट गुंतवणं वैतागाचं होतं. पत्रिका कोरलड्रॉमध्ये करत असाल तर एफ 8 ला टेक्स्ट, एफ 10 ला शेप टूल, एफ 4 ला सगळं चित्र पडद्यावर. हे हाताला बसलेलं असतं, ते सगळं मोडतं. गेमसाठी साठ टक्केवाला छानच. माउस फिरवायला जागा मिळते, हात जवळ राहतात. पण तुमचं पोट टायपिंगवर आहे, म्हणून हा पर्याय मी बाद करतो.

पंचाहत्तर टक्केवाल्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण इथली गोम मराठी टाइप करणाऱ्यालाच लागते आणि इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये ती सापडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये डावा हात स्वर आणि मात्रा सांभाळतो, उजवा हात बहुतेक व्यंजनं. स्वतंत्र स्वर, म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे सगळे डाव्या हाताच्या कळांवर शिफ्टने येतात. आणि टायपिंग नीट शिकलेला माणूस डाव्या हाताच्या अक्षराला उजवी शिफ्ट वापरतो. म्हणजे मराठीत उजवी शिफ्ट इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त लागते. साधा "आणि" शब्द घ्या. आ ला उजवी शिफ्ट, ण लाही उजवी शिफ्ट. अर्ज, असे, उपरोक्त, इसम, एकूण. कचेरीच्या भाषेत स्वराने सुरू होणारे शब्द पावलोपावली.

पूर्ण आकाराच्या किंवा टीकेएल (फक्त नंबर पॅड नसलेल्या) बोर्डावर उजवी शिफ्ट चांगली लांब असते, साध्या कळीच्या पावणेतीन पट. पंचाहत्तर टक्केवाल्यात आणि 68 कळांच्या बोर्डांत ती कापून पावणेदोन पट केलेली असते आणि तिच्या उजव्या टोकाला वरच्या बाणाची कळ बसवलेली असते. सवयीची करंगळी जिथे पडते तिथे आता शिफ्टऐवजी बाण. मग काय होतं? "आणि" टाइप करायला गेलात की कर्सर एक ओळ वर उडतो आणि शिफ्ट न लागल्यामुळे तिथे "ामि" असं काहीतरी उमटतं. तेही वरच्या, आधीच तपासून झालेल्या ओळीत. इंग्रजीत अशी चूक डोळ्याला लगेच दिसते. मराठी मजकुराच्या गर्दीत ती निसटते, आणि पक्षकार सही करताना दाखवतो.

याची सवय होते का? होते. तरुण हात दोन-तीन आठवड्यांत करंगळी आत घ्यायला शिकतात. पण तुम्ही घरी एक बोर्ड आणि परीक्षेला दुसरा अशा कात्रीत असाल तर बोटं गोंधळतात. क्लार्क-टायपिस्टच्या कौशल्य चाचणीला मराठी मिनिटाला 30 शब्दांचा वेग लागतो आणि केंद्रावर समोर असतो साधा, पूर्ण आकाराचा, रबराचा कीबोर्ड. ती तयारी करत असाल तर शिफ्टची जागा बदलणारा बोर्ड अजिबात घेऊ नका. ज्यांना पंचाहत्तर टक्केवाला घ्यायचाच आहे त्यांनी कळांची कामं बदलता येतील असा घ्यावा. क्यूएमके आणि व्हाया ही त्यासाठीची सॉफ्टवेअरं चालणाऱ्या बोर्डांत वरच्या बाणाची कळही शिफ्ट करून टाकता येते आणि बाण एफएनखाली ढकलता येतो. हा बदल कीबोर्डच्या आत साठतो, त्यामुळे दुकानातल्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही. नुसतं टेकवलं तर बाण आणि दाबून धरलं तर शिफ्ट अशी दुहेरी सोयही करता येते, पण वेगात टाइप करणाऱ्याला ती सुचवत नाही. टेकवणं की धरणं हे ठरवायला कीबोर्ड सुमारे 200 मिलिसेकंद थांबतो आणि तेवढ्यात तुमचं पुढचं अक्षर पडलेलं असतं.

म्हणून आकाराचं उत्तर: टीकेएल, म्हणजे 87 कळांचा. पूर्ण शिफ्ट, पूर्ण एफ-रांग, बाण आणि होम-एंड जागच्या जागी, फक्त नंबर पॅड नाही. बॅगेत मावतो, माउसला जागाही सोडतो.

आता स्विच बदलण्याची सोय, म्हणजे हॉट-स्वॅप. ही चैन आहे असं पुष्कळांना वाटतं. तुमच्या बाबतीत ती गरज आहे, आणि कारण डाव्या हाताच्या चार कळांत आहे. गेममध्ये चालण्याच्या कळा डब्ल्यू, ए, एस, डी. इनस्क्रिप्टमध्ये डीवर पाय मोडायचा हलन्त, एसवर एक मात्रा, एवर ओकार, डब्ल्यूवर दोन मात्रा. दोन मात्रांची कळ मराठीत फार येत नाही, पण बाकीच्या तीन दिवसभर चालतात. म्हणजे दिवसा मराठी ज्या कळा झिजवते, रात्री व्हॅलोरंट त्याच झिजवतो. इंग्रजी टाइप करणाऱ्या गेमरच्या बोर्डावर हा भार निदान थोडा तरी वाटला जातो.

स्विच बिघडायला लागला की पहिलं लक्षण म्हणजे एकदा दाबल्यावर दोनदा उमटणं. आतल्या पत्र्याच्या संपर्कावर धूळ बसते किंवा तो काळा पडतो, आणि जोडणी थरथरते. कोकणपट्टीतून येणाऱ्या बोर्डांत हे जास्त दिसतं, खारी दमट हवा. इंग्रजीत दोन अक्षरं पडली की कळतं. मराठीत ओकार दोनदा पडला की दुसऱ्याला टेकायला व्यंजन नसतं, मग पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उभं राहतं. हलन्त दोनदा पडला की जोडाक्षर जुळतच नाही, "स्वाक्षरी"तला क्ष मोडून पडतो. लोक मला फोन करून सांगतात की फॉन्ट खराब झाला, विंडोज परत टाका. फॉन्टला काही झालेलं नसतं, डीच्या कळीखालचा स्विच गेलेला असतो.

हॉट-स्वॅप बोर्डावर याचा उपाय दोन मिनिटांचा. खोक्यात येणाऱ्या चिमट्याने डीचा स्विच उपटायचा, स्क्रोल लॉक किंवा पॉजचा स्विच, जो जन्मात कोणी वापरत नाही, तो तिथे बसवायचा आणि बिघडलेला स्क्रोल लॉकखाली टाकून द्यायचा. खर्च शून्य. सोल्डर केलेल्या बोर्डावर हेच काम म्हणजे बोर्ड उघडा, डाख काढा, नवा स्विच लावा, परत डाख द्या. मजुरी पडते आणि कच्चा हात असेल तर सर्किटचा पत्राही उखडतो. हॉट-स्वॅपमध्येही एक अडचण बघून घ्या. काही स्वस्त बोर्डांची सॉकेट फक्त आउटेमू कंपनीच्या बारीक पायांच्या स्विचसाठी केलेली असतात. गेटेरॉन किंवा कैलचे जाड पाय त्यात शिरत नाहीत, जबरदस्ती केली तर पाय वाकतात. वर्णनात तीन पिन, पाच पिन असं लिहिलेलं असतं. तीन पिनवाल्या बोर्डात पाच पिनचा स्विच बसवायचा असेल तर त्याचे दोन प्लॅस्टिकचे पाय नेलकटरने कापले की काम होतं. ते पाय नुसते आधाराचे, वीज त्यांच्यातून जात नाही.

आता रंग. चेरी या जर्मन कंपनीने 1980 च्या दशकात एमएक्स स्विच आणले आणि हे रंग तिच्याच घरचे. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले, म्हणून आज दोन-अडीच हजारांत मेकॅनिकल बोर्ड मिळतो. मूळ चेरीचे आकडे असे: रेडला साधारण 45 ग्रॅमचा जोर, कळ चार मिलिमीटर खाली जाते आणि दोन मिलिमीटरवर अक्षर पडतं, मध्ये कुठे अडखळत नाही. ब्राउनला वाटेत एक हलका उंचवटा लागतो, जोर 55 च्या आसपास. ब्लूला ठसठशीत उंचवटा, 60 च्या आसपास जोर आणि टक् असा आवाज. रंग सारखा म्हणून स्विच सारखाच असं मात्र नाही, कंपनीगणिक फरक पडतो.

ब्लूवर टायपिंग करायला मजा येते हे खरं आहे. जुने टंकलेखक टीव्हीएस गोल्ड सोडत नाहीत ते त्यामुळेच; अक्षर पडल्याची खूण बोटालाही मिळते आणि कानालाही, पडद्याकडे न बघता मजकूर उतरवता येतो. पण तुमच्यासाठी ब्लू दोन कारणांनी नको. पहिलं कारण घरातलंच, रात्री अकराला एका खोलीत तो टकटकाट आईवडील किती दिवस सहन करतील? दुसरं गेमचं. ब्लूमध्ये अक्षर जिथे पडतं त्यापेक्षा बऱ्याच वर कळ आली तरच स्विच सुटला असं धरलं जातं. व्हॅलोरंटमध्ये गोळी मारण्याआधी थांबायला तुम्ही ए सोडून क्षणभर डी टेकवता, तेव्हा हे सुटणं उशिरा होतं. रेडमध्ये दाबणं आणि सुटणं जवळपास एकाच उंचीवर.

मग रेडच घ्यायचा का? गेमपुरतं बोलायचं तर हो. पण दिवसभर टायपिंग करणाऱ्याला 45 ग्रॅमचा रेड फार हलका पडतो असा माझा अनुभव आहे. मजकूर वाचताना बोटं कळांवर टेकून ठेवायची सवय असेल तर नुसत्या बोटांच्या वजनाने अक्षरं पडतात. रबराच्या कीबोर्डवरून येणाऱ्यांचा हातही जड असतो, ते रेडवर तळाला आपटतात आणि संध्याकाळी बोटांची टोकं दुखतात. मी अशांना यलो देतो. गेटेरॉनचा यलो साधारण 50 ग्रॅमचा आहे, रेडसारखाच सरळ जाणारा, पण स्प्रिंग जरा घट्ट. आवाज बेताचा, भावही कमी. उंचवटा हवाच असेल तर ब्राउन. गेममध्ये त्याने काही बिघडत नाही. ब्राउनला नावं ठेवणारे इंटरनेटवर पुष्कळ भेटतील. त्यांच्यापैकी कितीजण दिवसाला वीस-पंचवीस पानं टाइप करतात, मला शंका आहे.

एक कळ दाबली असताना दुसऱ्या किती ओळखल्या जातात, हा मुद्दा लोक विसरतात. कीबोर्डच्या आत कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. प्रत्येक कळीला वेगळा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल तर ठरावीक तीन कळा एकदम दाबल्यावर चौथी दाबल्याचा भास होतो. तो टाळायला कंट्रोलर तिसरी कळ गाळूनच टाकतो. गेमसाठी केलेल्या मेकॅनिकल बोर्डांत बहुधा डायोड असतात आणि खोक्यावर एनकेआरओ किंवा अँटी-घोस्टिंग असं छापलेलं असतं. ऑफिसच्या कामासाठी केलेल्या बोर्डांत ते असेलच असं नाही, म्हणून घेण्याआधी तपासा. सोपी चाचणी सांगतो. नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि इंग्रजी वर्णमाला एकेक करून मारा. जी अक्षरं गळतील ती त्या बोर्डाची दुखरी जागा. मग डब्ल्यू, डी, डावी शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून बघा.

आठ हजार हर्ट्झच्या जाहिरातींवर मात्र पैसे घालवू नका. 1000 हर्ट्झचा बोर्ड दर मिलिसेकंदाला कॉम्प्युटरला खबर देतो, 8000 चा मिलिसेकंदाच्या आठव्या भागाला. मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला तुमच्या नेटलाच 30-40 मिलिसेकंद लागत असतील, तिथे या फरकाचं काय घेऊन बसायचं? वायरलेसचंही असंच साधं गणित आहे. ब्लूटूथ टायपिंगला ठीक, गेमला नको, 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल गेमला चालतो. पण साडेतीन हजारांत वायरलेसचे पैसे बॅटरी आणि रेडिओत जातात आणि तेवढे स्विच, की-कॅप (कळीवरची टोपी) आणि स्टॅबिलायझर (लांब कळांचा आधार) यांतून कापलेले असतात. या बजेटला वायरच बरी. फक्त वायर बोर्डापासून सुटणारी, टाइप-सीची बघा. रोज बॅगेत गुंडाळली जाणारी वायर मुळाशीच तुटते.

तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर वायरवाला, टीकेएल, हॉट-स्वॅप, यलो किंवा ब्राउन, एवढं धरून शोधायला लागलो असतो. रेडड्रॅगनचा के 552 अनेक वर्षं या आकारात आणि या भावात टिकून आहे, धातूच्या पत्र्यावर उभा असल्याने दणकट आहे. त्याच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत, म्हणून हॉट-स्वॅप आणि स्विचचा रंग विक्रेत्याच्या पानावर नीट वाचून घ्या. कॉस्मिक बाइट, ॲन्ट ईस्पोर्ट्स यांचेही टीकेएल याच पट्ट्यात येतात. कीक्रॉनचा सी 3 प्रो कधी बजेटमध्ये असतो, कधी थोडा वर जातो. क्यूएमके-व्हाया चालणं हा त्याचा मोठा गुण, पण त्याची मूळ आवृत्ती सोल्डरवाली आहे हे लक्षात ठेवा. भाव सेलमध्ये पाचशे-सातशेने हलतात, त्यामुळे इथे आकडे देत नाही. टीव्हीएस गोल्डला मी कमी लेखत नाही. नुसतं टायपिंग असतं, कीबोर्ड दुकानातच राहणार असता आणि आल्ट कोड रोजचे असते, तर दुसरं नाव घेतलं नसतं. नंबर पॅड आहे, शिफ्ट पूर्ण आहे, अंगकाठी मजबूत आहे. तुमच्या रात्रीच्या अर्ध्या आयुष्यात मात्र तो बसत नाही.

मॅग्नेटिक घ्या असं मित्र सांगतात म्हणालात. तंत्र उत्तम आहे. कळीच्या दांड्यात चुंबक असतो, खालचा सेन्सर तो किती खाली आला ते मोजतो, त्यामुळे अक्षर कुठे पडावं ते तुम्हीच ठरवता आणि बोट जरासं वर आलं की कळ सुटली असं धरलं जातं. थांबून गोळी मारणाऱ्या गेममध्ये याचा खरा फायदा आहे. पण स्वस्त मॅग्नेटिक बोर्ड बहुतेक साठ टक्केवाले आहेत, त्यांच्यात साधे स्विच चालत नाहीत, आणि गेमसाठी अर्ध्या मिलिमीटरवर आणलेल्या कळांवर मराठी टाइप करायला बसलात तर पान भरून नको असलेल्या मात्रा मिळतील. टायपिंगसाठी वेगळी प्रोफाइल ठेवून दर वेळी बदलावी लागते. शिवाय या बोर्डांत ए आणि डी दोन्ही दाबले असताना शेवटचीच कळ खरी धरायची जी सोय असते, ती काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट 2024 पासून बंद केली आहे. अधिकृत सर्व्हरवर पकडलं गेलं तर सामन्यातून बाहेर काढतात. तुम्ही काउंटर-स्ट्राइकही खेळता, म्हणून सांगून ठेवलं.

ऑनलाइन शोधताना एक सापळा हमखास समोर येईल. आठशे-हजार रुपयांत, दिवे लावलेला, नावात "मेकॅनिकल फील". हा रबराचाच कीबोर्ड आहे. फोटोत की-कॅप काढलेली दाखवली आहे का ते बघा. खऱ्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र चौकोनी स्विच आणि त्यावर अधिकच्या चिन्हासारखा उंच दांडा दिसतो. कळ काढलेला फोटोच नसेल तर पुढे जा. की-कॅप पीबीटी प्लॅस्टिकच्या मिळाल्या तर घ्या, एबीएस प्लॅस्टिकच्या कळा घामाने आणि तेलाने गुळगुळीत चकाकायला लागतात. पण पीबीटीसाठी हॉट-स्वॅप सोडू नका. देवनागरी छापलेल्या कळा या बोर्डांना सहसा मिळत नाहीत. तुम्हाला त्या लागणारही नाहीत, आणि स्टिकर लावाल तर त्याचा चिकटा उन्हाळ्यात बोटांना लागेल.

कीबोर्ड आल्यावर विंडोजमध्ये दोन गोष्टी लगेच करा. डावी आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की विंडोज भाषा बदलतं. गेममध्ये हळू चालायला डावी शिफ्ट दाबलेलीच असते; चुकून आल्ट लागली की मराठी चालू, आणि चॅटमध्ये मित्रांना देवनागरी मात्रा जायला लागतात. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडून हा शॉर्टकट काढून टाका. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस पुरेसं आहे. फक्त कीबोर्डवरचा गेम मोड रात्री चालू केलात तर तो विंडोजची कळ बंद करतो. सकाळी दुकानात मराठी येईना झालं तर आधी ते बघा. दुसरं, स्टिकी कीज बंद करा, नाहीतर पाच वेळा शिफ्ट टेकवल्यावर ऐन सामन्यात खिडकी उघडेल.

परत करायची मुदत बहुधा आठवडाभराचीच असते, म्हणून पहिल्या दिवशीच नोटपॅडमध्ये इनस्क्रिप्ट लावून प्रत्येक कळ शिफ्टशिवाय आणि शिफ्टसह पाच-सहा वेळा दाबा. कुठे ठिपक्यांचं वर्तुळ अवेळी दिसलं, स्पेसबार एका टोकाला दाबल्यावर अडला किंवा एखादी कळ दोनदा उमटली तर व्हिडिओ काढा आणि बोर्ड बदलून घ्या. हॉट-स्वॅप असला तरी नव्या बोर्डात स्वतः स्विच बदलत बसू नका. आधी मुदतीत बदली मागा. खोकं आणि बिल तोवर टाकू नका. आणि इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन, तेवढं कळवा. आल्ट कोड रोजचे असतील तर दुकानात ठेवायला नंबर पॅड कोणता ते सांगतो.